डिझेल बसवल्यावर स्टिअरिंग बिघडलं: पॉवर स्टिअरिंग घेण्याआधी हे तपासा

विट्याजवळून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जुनी विलिज पिकअप, मूळ पेट्रोल इंजिन काढून महिंद्राचं २५२३ सीसी डीआय डिझेल बसवलं. ऑइल फिल्टर आणि उजवं इंजिन माउंटिंग स्टिअरिंगच्या नळीला लागत होतं. म्हणून मिस्त्रींनी नळी कापून मध्ये एक क्रॉस-जॉइंट (कोनात राहून फिरणारा सांधा) घातला आणि स्टिअरिंग बॉक्स चासीवर साधारण ६० मिमी वर सरकवला. आता तीन तक्रारी आहेत. स्टिअरिंग जड झालंय आणि एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं लागतं. खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपोआप एका बाजूला झेपावते. ५० च्या वर गेलं की सरळ रस्त्यावरही सतत हाताने सावरावी लागते. प्रश्न एवढाच आहे, की कुठल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसेल?

दादा, पॉवर स्टिअरिंग बसेल, पण आत्ता बसवू नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि पॉवरने त्यातलं एकही जात नाही. उलट हाताला लागणारा जडपणा जातो आणि गाडी खड्ड्यात झेपावणार आहे याची हाताला मिळणारी सूचनाही जाते. दोष तसाच राहतो, फक्त कळत नाही. तो घाटात उतारावर कळणं फार वाईट. म्हणून एकेक कारण पाहू.

सुरुवात वजनापासून करा. गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या (चालवत नाही, ट्रॉलीवर घालून; कारण पुढे सांगतो) आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा. मग पूर्ण गाडीचं करा. आपल्या भागात ऊसवाहतुकीमुळे काट्यांना तोटा नाही, पण काटा निवडताना त्याचा प्लॅटफॉर्म जमिनीच्या पातळीतला असेल असा निवडा. चढण असलेल्या काट्यावर मागची चाकं खाली राहतात आणि पुढचा आकडा चुकतो. ट्रकचा काटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यानेच दाखवतो, तेवढं चालतं. पेट्रोल इंजिन असतानाचं वजन तुमच्याकडे नसेलच. तरी काढलेलं जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारात गेले नसतील तर तेही तोलून घ्या. या डिझेलचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, शिवाय मोठी बॅटरी, मोठा स्टार्टर आणि बहुतेक वेळा मोठा रेडिएटर. हे सगळं पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं.

वजनाचा परिणाम नुसत्या जडपणापुरता नसतो. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, नाक खाली जातं आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा (चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळतं तिचा) वरचा भाग मागे झुकलेला असणं. वळणातून बाहेर पडताना चाक आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. जुन्या जीपला तो ३ अंश दिलेला आहे. तुमच्या पिकअपचा व्हीलबेस ११८ इंच, म्हणजे साधारण ३००० मिमी. नाक ५० मिमी खाली बसलं तर चासी जवळजवळ १ अंश पुढे झुकते आणि ३ अंशांतले २ उरतात. साठ वर्षं जुने थकलेले पाटे असतील तर तेवढेही उरत नाहीत. ५० च्या वर गाडी भरकटते त्याचं पहिलं संशयित कारण हेच. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा आणि किंगपिनच्या वरच्या कॅपच्या सपाट तोंडावर डिजिटल अँगल गेज ठेवून दोन्ही बाजूंचा कोन लिहून ठेवा.

कॅस्टर कमी निघाला तर लगेच पाचर घालायला जाऊ नका. आधी पाटे सुधारा. कमानवाल्याकडून पुढच्या पाट्यांना कमान देऊन घ्या किंवा एक पाटा वाढवा, नाक मूळ उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. तरीही कमी असेल तरच पाटा आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या मध्ये निमुळती लोखंडी पाचर टाका, २ अंशांपेक्षा जास्त नाही. दिशा नीट पाहा. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे, पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे. उलटी बसली तर होता तोही कॅस्टर जाईल. गाडी फोर-व्हील असेल तर आणखी एक गोष्ट आहे. कॅस्टर वाढवताना पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली वळतं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. म्हणून २ अंशांची मर्यादा सांगितली. पाचर घातली की सेंटर बोल्ट लांब लागतो आणि यू-बोल्ट नवीन घ्यायचे. एकदा ताणलेले जुने यू-बोल्ट परत वापरू नका.

आता फेऱ्यात दोनदा जड होण्याबद्दल. हे शंभर टक्के त्या एकट्या क्रॉस-जॉइंटचं काम आहे. क्रॉस-जॉइंट कोनात फिरला की बाहेरचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. जॉइंटचा कोन ३० अंश असेल तर त्याचा वेग हाताच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा बदलत राहतो. १५ अंशांना हाच फरक जेमतेम साडेतीन टक्के असतो आणि हाताला कळतही नाही. म्हणून उपाय असा, की एका जॉइंटऐवजी दोन जॉइंट घ्या आणि एकूण कोन दोघांत सारखा वाटा. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे (जॉइंटला धरणारे दुहेरी काटे) एकाच पातळीत बसले पाहिजेत. मग पहिल्याने केलेली चूक दुसरा खोडून काढतो. चिमटे ९० अंश फिरवून बसले तर चुकांची बेरीज होते आणि स्टिअरिंग आताच्यापेक्षा वाईट लागतं. गॅरेजमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक हीच, कारण स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकाच्या उभ्या खाचांवर) शाफ्ट कसाही बसतो.

दोन जॉइंटनी मार्ग निघत नसेल आणि तिसरा लागत असेल तर मधल्या शाफ्टला चासीवर घट्ट ब्रॅकेटमध्ये बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो. आधाराशिवाय तीन जॉइंटची साखळी मध्येच दुमडते आणि चाकाला वळणच पोचत नाही. म्हणजे ऐन वळणात स्टिअरिंग हातात नुसतं फिरेल. आधार देता येत नसेल तर तीन जॉइंटचा विचार सोडून द्या.

तुमच्या गाडीत एक मूळ अडचण आहे. जुन्या रॉस बॉक्समध्ये (या जीपच्या मूळ स्टिअरिंग बॉक्समध्ये) स्टिअरिंगची नळी आणि आतला कॅम एकाच तुकड्याचे असतात. हातातल्या स्टिअरिंग चाकापासून बॉक्सपर्यंत मध्ये कुठेही सुटा भाग नाही. ती नळी कापून जॉइंट घातला म्हणजे कुठेतरी वेल्डिंग आलंच. कुठल्या प्रतीच्या पोलादाला, किती खोल आणि तापमान किती देऊन ते केलंय, हे आता बाहेरून बघून सांगता येणार नाही. त्या वेल्डवर गाडी चालवू नका. ज्याच्या वरच्या टोकाला स्प्लाइन आहेत आणि त्यावर बोल्टने आवळणारा जॉइंट बसतो, असा वेगळा बॉक्स घ्या, साधा किंवा पॉवरचा. मधला शाफ्ट कंपनीचा, एकात एक सरकणारा घ्या. तो नवाच घ्या, कारण अपघातातल्या गाडीचा शाफ्ट वरून सरळ दिसला तरी आत दबलेला असू शकतो. सरकणाऱ्या भागाची एकात एक पकड कमीत कमी ४० मिमी राहू द्या. आवळण्याचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार गेलाच पाहिजे, नुसत्या घर्षणावर विसंबू नका, आणि नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) असावा. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. समोरून धडक बसली तर मूळ नळी सरळ छातीकडे येते, दोन जॉइंटचा सरकणारा शाफ्ट दुमडतो.

शाफ्ट आणि इंजिनमधलं अंतर इंजिन बंद असताना मोजून उपयोग नाही. डिझेल बंद करताना शेवटचा जो झटका बसतो त्यात इंजिन माउंटिंगवर सर्वांत जास्त हलतं. घरातली मळलेली कणीक किंवा शाडूची माती घ्या आणि तिचा लिंबाएवढा गोळा शाफ्ट आणि फिल्टरच्या मध्ये चिकटवा. मग इंजिन सुरू करून बंद करा. दुसऱ्यांदा पहिल्या गिअरला ब्रेक दाबून क्लच जरासा सोडून पाहा. मग गोळा किती दबला ते मोजा. सर्वांत पातळ जागी किमान १२ मिमी जाडी उरली पाहिजे. एक्झॉस्टपासून ५० मिमी ठेवा, नाहीतर मध्ये पत्र्याची आड लावा, कारण त्या उष्णतेने जॉइंटमधलं ग्रीस वितळून वाहतं आणि वर्षभरात जॉइंट आवळतो.

आता तिसरी तक्रार, जिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते: खड्ड्यात गाडी झेपावते. बॉक्स ६० मिमी वर गेला हेच तिचं कारण. ड्रॅग लिंक म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे वळण नेणारा दांडा. तिचं एक टोक चासीवरच्या ड्रॉप आर्मला (बॉक्समधून निघून वळणाऱ्या हाताला), दुसरं अ‍ॅक्सलकडच्या आर्मला. अ‍ॅक्सल वरखाली होतो, ड्रॉप आर्म जागेवर राहतो, म्हणजे लिंकचं खालचं टोक कमानीत फिरतं. लिंक जवळजवळ आडवी असेल तर ते टोक बाजूला फारसं सरकत नाही. लिंक तिरपी असेल तर सरकतं आणि तुम्ही स्टिअरिंग धरून ठेवलं तरी चाक वळतं.

आकड्यात पाहा. समजा ड्रॅग लिंक ६०० मिमी लांब आणि गाडीच्या रुंदीत धावणारी आहे. मूळ रचनेत तिच्या दोन टोकांच्या उंचीत ४५ मिमी फरक होता. खड्ड्यात अ‍ॅक्सल ५० मिमी वर आला तर लिंकचं टोक बाजूला १.७ मिमी सरकतं. अ‍ॅक्सलकडचा आर्म १५० मिमीचा धरला तर चाक सुमारे ०.६ अंश वळतं, ते हाताने सहज सावरतं. आता बॉक्स ६० मिमी वर गेल्यावर उंचीतला फरक १०५ मिमी झाला आणि लिंक १० अंश तिरपी झाली. त्याच ५० मिमी उसळीला टोक आता ६.७ मिमी सरकतं आणि चाक अडीच अंश वळतं. चौपट. ऊसहंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर ५० मिमी उसळी प्रत्येक दहा पावलांवर मिळते. जोरात ब्रेक मारल्यावर नाक दबतं तेव्हाही हेच होतं. म्हणजे ब्रेक लावला की गाडी बाजूला जाते आणि माणूस उगाच ब्रेक खोलून बसतो.

लिंक गाडीच्या लांबीत, म्हणजे पुढे-मागे धावत असेल तर नियम वेगळा आहे. पुढच्या पाट्याचं पक्कं टोक कुठे आणि शॅकल (पाट्याचं हलतं टोक धरणारा दुवा) कुठे ते बघा. अ‍ॅक्सल पक्क्या टोकाभोवती कमानीत फिरतो. ड्रॅग लिंकचं चासीकडचं टोक त्याच बाजूला, त्या पक्क्या टोकाच्या जितकं जवळ, तितक्या दोन्ही कमानी जुळतात. जीपसारखं शॅकल पुढे आणि पक्कं टोक मागे असेल तर बॉक्स अ‍ॅक्सलच्या मागे असणं योग्यच आहे. शॅकल मागे असलेल्या गाडीत बॉक्स अ‍ॅक्सलच्या मागे टाकला तर कमानी एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि कितीही जुळवलं तरी झेप राहते. मधे बेल क्रँक (वळणाची दिशा बदलणारा, पिनभोवती फिरणारा तुकडा) असेल तर तिची पिन आणि बेअरिंग आधी बघा. तिथला अर्धा मिमी प्ले (ढिलेपणा) पुढे दोन्ही चाकांना मिळतो.

आपल्या गाडीत झेप नक्की किती आहे हे गॅरेजमध्येच मोजता येतं. पुढच्या दोन्ही चाकांखाली खताच्या दोन-दोन रिकाम्या पिशव्या एकावर एक ठेवा, मध्ये ग्रीस लावा, म्हणजे चाक सहज फिरेल. स्टिअरिंग सरळ करून दोरीने सीटच्या पायाला बांधा. १ मीटर लांब सरळ अॅल्युमिनियमची पट्टी हबवर आडवी घट्ट बांधा, तिच्या टोकाला ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. मग जॅकने चासी पुढून ५० मिमी उचला आणि ओळंब्याची नवी खूण करा. खाली उतरवून चासीवर वाळूची पोती ठेवून जमेल तितकी खाली दाबा आणि तिसरी खूण करा. १ मीटरच्या पट्टीवर खूण १७ मिमी सरकली म्हणजे चाक १ अंश वळलं. ५० मिमीच्या उसळीला १० ते १२ मिमीपर्यंत असेल तर आम्ही गाडी सोडतो. ४० मिमी आली तर ती गाडी रस्त्यावर काढायची नाही.

मग करायचं काय? आमचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिनाभोवतीचे भाग हलवा, मग इंजिन, आणि बॉक्स सर्वांत शेवटी. ऑइल फिल्टर अडत असेल तर त्याला अडॅप्टर लावून नळीने दूर बसवा. माउंटिंगचं ब्रॅकेट अडत असेल तर ते नवीन बनवा. तरीही जागा नसेल तर इंजिन डावीकडे १५ ते २० मिमी सरकवा. १ मीटर लांब प्रॉपेलर शाफ्टला त्याने जेमतेम १ अंशाचा कोन वाढतो, तो चालतो. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) अ‍ॅक्सलला लागत असेल तर त्याच इंजिनाचा, दुसऱ्या गाडीत येणारा वेगळ्या आकाराचा संप मिळतो का पाहा. संप कापून जोडायचा असेल तर आतल्या ऑइल स्ट्रेनरची जागाही बदलावी लागते, नाहीतर चढावर ऑइल प्रेशर पडतं. हे सगळं झाल्यावर बॉक्स मूळ उंचीला परत येतो का बघा.

नाहीच आला तर जास्त खाली झुकलेला ड्रॉप आर्म घ्या किंवा अ‍ॅक्सलकडचं लिंकचं टोक वरून बसवून लिंक आडवी करा. त्यासाठी आर्मचं निमुळतं भोक वरच्या बाजूने रीमरने करावं लागतं. बसल्यावर बॉल जॉइंटच्या खुंट्याला निळी शाई लावून बघा. सगळीकडे छाप उठली पाहिजे. फक्त कडेला उठली तर खुंटा हलत राहील आणि तुटेल. भोक मोठं करून बुश ठोकणं, ड्रॉप आर्म तापवून वाकवणं, ड्रॅग लिंक कापून जोडणं, यातलं काहीही नको. हे भाग घडवलेले आणि उष्णतासंस्कार केलेले असतात. लाल झाले की ती ताकद जाते आणि ते काहीही न सांगता तुटतात. ड्रॉप आर्म बदलताना लांबीही बघा. १५० ऐवजी १३० मिमीचा घेतला तर हाताला १३ टक्के हलकं लागतं, पण चाकाचं वळणही तितकंच कमी होतं आणि गाडीला वळायला जास्त जागा लागते.

चासीवर बॉक्स बसवताना नुसती भोकं पाडून बोल्ट आवळू नका. सी-चॅनलची पातळ भिंत आवळताना आत दबते आणि बोल्ट ढिले पडतात. चॅनलच्या आत पाइपचे तुकडे घालून त्यातून बोल्ट आरपार घ्या. बाहेर ६ मिमी जाडीची पट्टी, तिची टोकं तिरपी कापलेली. चासीला सरळ उभी वेल्डिंग मारू नका, तिथूनच चीर सुरू होते. बोल्ट १०.९ ग्रेडचे एम-१२, सुमारे ११० न्यूटन-मीटरला आवळलेले.

नवा बॉक्स घेण्याआधी तो टेबलावर धरून फिरवून बघा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ड्रॉप आर्म कुठे जातो? अ‍ॅक्सलच्या पुढे बसवायचा बॉक्स मागे बसवला किंवा डाव्या बाजूचा उलटा करून उजवीकडे लावला तर उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळते. बोल्ट मारण्याआधी हे तपासायला एक मिनिट लागतं. प्रत्येक बॉक्सला मध्यावर एक घट्ट जागा असते. चाकं सरळ असताना बॉक्स नेमका त्याच जागेवर असला पाहिजे. स्टिअरिंग वाकडं दिसतं म्हणून ते स्प्लाइनवर फिरवून सरळ बसवू नका, ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करून जुळवा. आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर आधी नकलवरचे (किंगपिनभोवती वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागावरचे) स्टॉप टेकले पाहिजेत, बॉक्सच्या आतले नाहीत.

हे सगळं झाल्यावर उभ्या गाडीत स्टिअरिंग अजून जड लागत असेल तर पॉवर जरूर घ्या. पंप आणि बॉक्स एकाच जोडीतले घ्या. पंपाचा दाब बॉक्सच्या क्षमतेपेक्षा जास्त असेल तर सील फुटतात, प्रवाह कमी असेल तर भरभर फिरवताना मध्येच जड होतं. दाबाची नळी ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून क्रिम्प करून घ्या, क्लिप लावलेली रबरी नळी नको. हवा काढताना पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, तेल भरत राहा आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करा.

कागदांचंही बघून घ्या. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला आहे. इंजिन आणि इंधन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. तुमची गाडी एमएच-१० मध्ये असेल तर सांगलीच्या आरटीओत जाऊन काम पुढे नेण्याआधीच विचारा.

पहिली चाचणी रविवारी कुपवाड किंवा पलूस एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर, ३० च्या वेगाने. घाट नंतर. १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० किलोमीटरला बॉक्सचे, यू-बोल्टचे आणि शाफ्टचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. तोवर मला चार आकडे कळवा: पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन, दोन्ही बाजूंचा कॅस्टर, ड्रॅग लिंकची लांबी आणि तिच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक. पाट्याचं शॅकल पुढे आहे की मागे तेही लिहा. त्यावरून ड्रॉप आर्म कुठला लागेल ते सांगतो.